माथ्यावरची चौथी पिन

डावा काठ, १
(तेव्हा)

पेटीचं कुलूप शाबूत होतं. पेटीत पिन नव्हती.

पहाटेचे साडेपाच. खाली दरी इतकी खोल की हातातून नट निसटला तर त्याचा आवाज येईल म्हणून थांबायचं नसतं, हे सगळे पहिल्याच आठवड्यात शिकले होते. दोन काठांवरून निघालेले पोलादी कमानीचे दोन हात दरीच्या मधोमध समोरासमोर आले होते, मागून जाड तारदोर त्यांना धरून होते. ही दोन टोकं जोडायला चार पिना लागणार होत्या. एकेक पिन हातभर लांब, शंभर मिलिमीटर जाड, सव्वीस किलोची. पहाटेच्या तासाभरातच काम उरकावं लागे, कारण ऊन पडलं की पोलाद फुगतं आणि भोकासमोर भोक राहत नाही. तीन पहाटे तीन पिना बसल्या होत्या.

पिन भोकापेक्षा केसभर जाड करतात. रात्रभर कोरड्या बर्फात ठेवली की ती आक्रसते, भोकात सरकते, मग ऊब लागून फुगते आणि घट्ट बसते. पुन्हा हलायचं नाव नाही. कामगार तिला जावई म्हणायचे. लाड करा, दुलईत गुंडाळा, पेटीत बसवून मिरवत आणा, आणि एकदा बसला की उठत नाही.

"जावईबापू, उठा," कुणीतरी म्हणालं. मोठ्या साहेबांनी कुलूप काढलं. पांढरा धूर उसळला. बर्फाच्या खड्यांत कॅनव्हासची गुंडाळी होती. ती उलगडली. आतही खडेच.

हसणं थांबायला थोडा वेळ लागला.

राखणीचा चौकीदार पुढे धावला आणि त्यानं दोन्ही हात, उघडे, कोपरापर्यंत त्या बर्फात खुपसले. तळ चाचपला. बोटं पोळून पांढरी पडली तरी काढेना.

कमानीच्या त्या टोकावर यायला एकच शिडी होती. शिडीच्या तोंडाशी कालपासून तोच एकटा बसला होता. कुलपाच्या दोन चाव्यांपैकी एक त्याच्या कमरेला होती.

मोठे साहेब एकच शब्द बोलले. "चोर."

तो चौकीदार म्हणजे माझे बाबा.

उजवा काठ, १
(चाळीस वर्षांनी, सोमवार)

जुन्या साइट ऑफिसात आता छोटं संग्रहालय आहे. भिंतीला टेकवून पितळी पत्रा ठेवला होता, त्यावर पूल बांधणाऱ्या दोनशे बारा जणांची नावं. मी दोनदा वाचली. मग बोट लावून तिसऱ्यांदा.

समितीची सचिव माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ती चहा घेऊन आली.

"ताई, यादी हजेरीपटावरून केलीय. तुमच्या वडिलांच्या नावापुढे शेरा आहे."

"काय शेरा?"

तिनं कपाकडे बघत सांगितलं, "चोरीमुळे कमी."

"चोरी सिद्ध झाली होती?"

"माझा जन्मही नव्हता हो तेव्हा. समितीचं म्हणणं, लेखी काहीतरी आणा. गुरुवारी दुपारपर्यंत. शुक्रवारी अनावरण. पत्र्यावर तळाला एका ओळीची जागा आहे."

"एका ओळीत मावतात बाबा," मी म्हणाले.

माझी नोकरी वजनमापं खात्यात. सत्तावीस वर्षं दुकानांचे काटे तपासतेय. ग्राहकाला चिमूटभर कमी मिळालं तर दुकानदाराच्या चेहऱ्यावर ते कुठे दिसतं, हे मला ठाऊक आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या सव्वीस किलोंचा पंचनामा चार दिवसांत कसा करायचा, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

घरी आले तर बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. 'सर्व जुन्या कामगारांस' असं छापील निमंत्रण आलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. गल्लीत सांगून आले होते, शुक्रवारी माझं नाव लागणार म्हणून.

"बघितलास पत्रा? कितवं आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून झाकलेला आहे," मी म्हणाले.

डावा काठ, २

दोन वर्षं आम्ही त्या काठावर राहिलो. पत्र्याच्या खोल्या एका रांगेत, दारं दरीकडे. शेंदरी रंगाचा वास कपड्यांत, पाण्यात, वह्यांत. आजही एखादं लोखंडी गेट रंगवत असले की मी उगाच तिथे रेंगाळते.

पलीकडच्या काठावर अशीच रांग होती. तिथली माणसं आम्हाला बोटाएवढी दिसायची. भेट नाही, पण ओळख पक्की. जेवणाच्या सुट्टीत दोन्हीकडून आरोळ्या चालायच्या.

"ए डावरे! तुमचा हात वाकडा आलाय!"

"तुमचाच तिरका आहे! डोळे तपासा!"

एक बाई तिकडून रोज ओरडून विचारायची, काय भाजी केलीस गं, आणि आई तसंच ओरडून सांगायची. त्या दोघींची समोरासमोर भेट कधीच झाली नाही.

आमच्या काठावर तीन माणसं महत्त्वाची.

मोठे साहेब, मुख्य इंजिनियर. दुसरी चावी त्यांच्याकडे, साखळीत ओवून गळ्यात. कमान ठरल्या तारखेला जुळवीन असा शब्द त्यांनी वरपर्यंत दिला होता.

पाळणेकाका. दरीवरून सामान नेणाऱ्या दोरावरच्या पाटाला सगळे पाळणा म्हणत, तो हाकणारे ते. पूल झाला की पाळणा भंगारात जाणार आणि काका घरी. पूल लांबावा असं वाटणारा साइटवर कुणी असेल तर तेच, अशी कुजबुज होती.

आणि शतांश मिस्त्री. लेथवर पिना घडवायचे. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे शतांश; मिस्त्री त्यातच विचार करायचे. बावीस वर्षांत त्यांचा एक नग परत आला नव्हता. आईनं पोळी दिली तर म्हणायचे, "वहिनी, कडेला दोन शतांश जाड झालीय."

बाबांचे ते एकुलते एक मित्र. पिन गेली त्या दिवशी सगळ्या वसाहतीत एकटेच आमच्या दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याशी उभे राहिले, आणि आई सांगायची, कोपऱ्यातल्या हंड्याकडे तोंड करून रडले.

उजवा काठ, २
(मंगळवार)

पाळणेकाका एका गॅरेजच्या मागच्या खोलीत राहतात. कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

"तुझा बाप चोर? अगं, माझी बशी परत करायला तो सत्तर पायऱ्या उतरून यायचा. कप राहिला होता म्हणून पुन्हा चढून गेला!"

"काका, संशय तुमच्यावरही होता."

"असणारच! मला बंद पाडायचं असतं तर पाळण्याचे दोन नट सैल केले असते. आठवडाभर सगळे बोंबलत बसले असते. पिन चोरून मी काय करू, लाटणं?"

मी हसले. मग त्यांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. आत सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठ्या. पाळण्याच्या आकड्याला वजनकाटा होता, प्रत्येक फेरीचं वजन लिहायचा दंडक होता. पाळणा भंगारात गेला. चिठ्ठ्या मात्र काकांनी टाकल्या नाहीत.

"मोडीत काढायला जीव नाही झाला," ते म्हणाले. "अकरा हजार फेऱ्या. एकही पडली नाही खाली."

मी त्या आठवड्याचा जुडगा सोडला. पेटीच्या चार फेऱ्या सापडल्या. पेटी दरवेळी तीच, बर्फ दरवेळी चाळीस किलो.

पहिली पिन : ९८ किलो.
दुसरी : ९८.
तिसरी : ९७.
चौथी : ७२.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"काका, त्या दिवशी काटा बिघडला होता?"

"माझा काटा? छट्."

त्यांचा शब्द पुरेसा होता, पण सवय वाईट. चौथ्या पेटीनंतरची चिठ्ठी बघितली. सिमेंटच्या दोन गोण्या, शंभर किलो. गोणी पन्नासाची. काटा चोख होता.

"मग हे बहात्तर तुम्हाला खटकलं नाही?"

"मला काय खटकायचं? काटा लाल रेघेच्या पुढे गेला तर शिट्टी मारायची, हे माझं काम. जास्त झालं तर पाळणा तुटतो बाई. कमी झाल्यानं कधी कुणी मेलंय?" बोलता बोलता ते थांबले. चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. डोळ्यांजवळ नेली. "सव्वीस कमी."

"हो."

पेटीला चाकं होती. ती ढकलत पाळण्यावर चढवायची, वर टोकावर यारीनं, म्हणजे क्रेननं, उतरवायची. तिचं ओझं कुणाच्या हाताला कळलंच नव्हतं. कळलं फक्त काट्याला, आणि त्यानं ते लिहून ठेवलं होतं.

पिन माथ्यावर गेलीच नव्हती. बाबा सबंध रात्र बर्फाची पेटी राखत बसले होते.

डावा काठ, ३

पोलीस बोलावले नाहीत. वरपर्यंत बोभाटा झाला असता. साहेबांनी चौकशी कचेरीतच उरकली, आणि पुरावा म्हणून बाबांची बोटं दाखवली. कोरड्या बर्फात हात घातल्याशिवाय असे फोड येत नाहीत, म्हणाले.

फोड सगळ्यांसमोरच आले होते. पण 'चोर' हा शब्द आधी आला होता, आणि तो कानावर पडल्यावर माणसं डोळ्यांनी पाहिलेलंही विसरतात. चोराला अख्खी रात्र होती, हातमोजे होते, चिमटे होते. उघडे हात फक्त शोधणारा घालतो. हे अकरा वर्षांच्या मला कळत होतं. मला कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी पहाटे नवी पिन बसणार होती. त्याच पहाटे आमचं सामान ट्रकमध्ये चढलं. ट्रक दरीच्या कडेनं जुन्या रस्त्यानं उतरत होता, तेवढ्यात भोंगा वाजला. एकदा नाही, वाजतच राहिला. बाबांनी टपावर थाप मारून ट्रक थांबवला.

वर, आभाळाला लागून, कमान एक झाली होती. दोन्ही काठांची माणसं तिच्यावरून धावत मध्याकडे येत होती आणि एकमेकांच्या गळ्यात पडत होती. दोन वर्षं आरोळ्यांनी ओळखलेली माणसं. इतक्या खालून कोण कुठलं ते कळत नव्हतं.

बाबांनी बँडेज बांधलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. आवाज आला नाही.

"चला," ते ड्रायव्हरला म्हणाले.

उजवा काठ, ३
(बुधवार, सकाळ)

चिठ्ठीनं बाबा सुटत होते. पण समितीत तिघं निवृत्त इंजिनियर. ते विचारणार, मग पिन गेली कुठे? अर्धवट हिशेब त्यांना चालत नाही. मलाही चालत नाही.

पेटी वर्कशॉपात भरली गेली. भरली शतांश मिस्त्रींनी, कुलूप घातलं मोठ्या साहेबांनी. उरले दोन.

साहेबांच्या बाल्कनीत कुंड्या एका रेषेत होत्या.

"मी? मी पिन लपवीन?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "त्या पाच दिवसांच्या उशिरानं माझी बढती गेली, बाई. मला ती पिन माझ्या दातांपेक्षा प्यारी होती."

"कुलूप घालताना पिन बघितलीत?"

"गुंडाळी बघितली. कॅनव्हास उलगडून बघत नसतात, बर्फ लागतो हाताला. मिस्त्री म्हणाला, ठेवली. त्यानं ठेवली म्हटलं की ठेवली."

"मोजली होती?"

"अर्थात. रजिस्टरवर माझी सही आहे."

"तुम्ही स्वतः मोजलीत?"

त्यांनी रेषेतली एक कुंडी उगाच सरकवली. "जुळणी बघायला वरून आलेल्या पाहुण्यांची जीप दारात उभी होती," ते म्हणाले. "चौथ्या पिनेची घाईच झाली. तिचं भोक जागेवर मापून मगच पिन करायची होती, त्यामुळे माप हातात आलं आदल्या दिवशी. मिस्त्रीनं आकडा सांगितला, मी सही केली. बावीस वर्षांत ज्याचा नग परत आला नाही, त्याचा आकडा कोण पुन्हा मोजणार?"

मी जिना उतरले. रजिस्टर संग्रहालयात आहे, काचेखाली. ते उघडावं असं मला वाटत नव्हतं.

शतांश मिस्त्रींनी मला दशांश अपूर्णांक शिकवले. बाबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला पहिला पाना त्यांनी आणून दिला. आई गेली तेव्हा तेरा दिवस ते आमच्या ओट्यावर झोपले. गेली चाळीस वर्षं, रोज संध्याकाळी पाचला, ते बाबांशी पत्ते खेळायला येतात.

डावा काठ, ४

(पिनांचं रजिस्टर, पान ३१, जसंच्या तसं)

पिन १. लेथवरून उतरवली सायं. ५.३०. मोजली दुसरे दिवशी सकाळी ७.१५. माप १००.०५.
पिन २. उतरवली सायं. ५.१०. मोजली दुसरे दिवशी सकाळी ७.००. माप १००.०५.
पिन ३. उतरवली सायं. ५.४५. मोजली दुसरे दिवशी सकाळी ७.१०. माप १००.०५.
पिन ४. उतरवली दुपारी ३.५०. मोजली दुपारी ४.०५. माप १००.०५. शेरा : पाण्याचा पंप बंद.

उजवा काठ, ४
(बुधवार, दुपारी चार)

त्यांनी दार उघडलं. "तू? मीच निघत होतो तुमच्याकडे. चहा घे."

"मिस्त्रीकाका, चौथी पिन चार वाजून पाच मिनिटांनी मोजलीत."

त्यांनी कुठली पिन म्हणून विचारलं नाही. गॅस बंद केला. ओट्याला हात टेकून उभे राहिले.

"तापलेली होती," ते म्हणाले.

लेथवर पोलाद कापताना वरून दुधाळ पाण्याची धार सोडतात. नग थंड राहतो. त्या दिवशी पंप बंद. पिन कोरडी कापली, हात लावता येत नव्हता इतकी तापली होती. तापलेलं पोलाद फुगलेलं असतं. फुगलेल्या पिनेचं माप बरोब्बर आलं. म्हणजे थंड झाल्यावर ते चुकणारच होतं.

"नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतो आम्ही," ते म्हणाले. "गरम नग मोजू नये. रात्रभर निवू द्यावा. मी शंभर जणांना सांगितलंय."

"कधी कळलं?"

"तेल काढायला हौदात बुडवली. वर काढली, पुसली, आणि सवयीनं पुन्हा माप लावलं. नव्व्याण्णव पॉइंट अठ्ठ्याण्णव. सात शतांश खाली. एक केस." त्यांनी चिमूट दाखवली, चिमटीत काहीच नव्हतं. "भोकात खुळखुळली असती. वरून गाड्या जातील तसं भोक मोठं होत गेलं असतं. बसवून चालणारच नव्हती."

"मग सांगायचं होतं!"

"बाहेर पाहुणे, रजिस्टरवर साहेबांची सही. बावीस वर्षांत पहिला नग." ते खाली बसले. "मला वाटलं, एक दिवस मिळवू. गुंडाळीत खडे भरले, बर्फात बर्फ. पिन वर्कशॉपातल्या गोल सळयांत ठेवून दिली, टोकाला काजळी फासून. सकाळी पेटी रिकामी निघाली की म्हणणार होतो, अरे देवा, मी इकडेच विसरलो. हसतील, शिव्या देतील. तोवर दुसरी होईल."

"आणि?"

"दुसरी अर्धीच झाली होती. आणि वरून निरोप आला तो विसरली असा नव्हता. चोरीला गेली असा होता. चोरासकट." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तेव्हाच धावत सुटायला हवं होतं. म्हटलं, दुसरी पुरी झाली की सांगतो. दुसरा दिवस. तिसरा. पाचव्या दिवशी तुमचा ट्रक गेला."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ती पिन कुठे आहे?"

"कापून कठड्याच्या खांबांत बसवायचे बुश केले. सगळे पुलातच गेले. त्या साइटवरून काहीच चोरीला गेलं नाही, पोरी. एक माणूस सोडून."

मी पर्समधून कागद काढला. पेन पुढे केलं. ते शांतपणे लिहीत गेले. तारखा, वेळा, मापं. सही केली. मग म्हणाले, "यात माझं नाव पत्र्यावरून काढा असंही लिहिलंय."

"बाबांना..."

"ते मी सांगणार. तू नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "पाच वाजत आलेत."

मध्य

मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेर पत्ते पिसल्याचा आवाज आला, आणि थांबला. मग फक्त मिस्त्रीकाकांचा आवाज, खालच्या पट्टीत, न थांबता. मग तोही संपला.

नळ टपकत होता. तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

"तुझा बावीस वर्षांचा मान होता," शेवटी बाबा म्हणाले. "माझा काय होता? एक काठी आणि एक चावी. तेवढंच होतं रे."

"हो."

"मी जन्मभर विचार केला, मला डुलकी लागली असेल. कधी लागली असेल, किती वाजता. चाळीस वर्षं मी स्वतःलाच जागं करत बसलोय."

हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

"आणि पत्त्यांत? मुद्दाम हरायचास का रे माझ्याकडून? पापं फेडायला?"

"नाही," मिस्त्रीकाका म्हणाले. "पत्त्यांत तू खरंच बरा आहेस."

बाबा हसले असतील असं मला वाटलं. ते हसले नव्हते. खुर्ची सरकली, दार वाजलं, आणि मी बाहेर आले तेव्हा बाबा एकटेच डाव गोळा करत होते.

गुरुवारी मी चिठ्ठ्या, रजिस्टरच्या पानाची प्रत आणि तो कागद समितीला दिला. तिघा इंजिनियरांनी सात शतांशांचं गणित स्वतः करून बघितलं, मग मान हलवली. कोरलेलं नाव पितळेवरून काढता येत नाही, मिस्त्रीकाकांचं राहिलं. तळाच्या ओळीत कारागिरानं बाबांचं नाव कोरलं, पुढे 'चौकीदार'.

शुक्रवारी ऊन चढायच्या आत आम्ही पुलावर गेलो. पत्रा कमानीच्या माथ्यावर, कठड्याला बसवला होता. बाबांनी आपलं नाव वाचलं. मग पहिल्यापासून सगळी वाचली, मोठ्यानं, प्रत्येकाला एकेक वाक्य जोडत. हा घोरायचा. हा पोहायला भ्यायचा. याची बायको तिकडच्या काठावर, दोन वर्षं लांबून भांडले. लोक जमले, हसू लागले. मिस्त्रीकाकांच्या नावाशी आल्यावर त्यांनी फक्त नाव वाचलं.

मिस्त्रीकाका पुलाच्या दुसऱ्या टोकाशी उभे होते. बाबांनी हात वर करून बोलावलं. ते यायला वेळ लागला. गुडघे गेलेत त्यांचे.

"महिनाभर माझ्या दारात येऊ नकोस," बाबा म्हणाले. "महिन्यानं ये."

मिस्त्रीकाकांनी मान हलवली. मग विचारलं, "तीस दिवसांचा, की एकतीस?"

"तू मोज."

ते दिवस लांब गेले. बाबांनी मला पत्ते खेळायला बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी हाकललं. "तुला हुकूम लपवता येत नाही," म्हणाले. शेजारच्या मास्तरांना बोलावलं, ते बोलायचे फार. मग पाच वाजता नुसतेच बसू लागले, पत्ते न काढता. एकदा मी विचारलं, राग गेला का. "राग कुठे जातो," ते म्हणाले. "तो आहे. तो बसेल एका बाजूला."

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "महिना म्हणजे चार आठवडेच ना गं?"

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला मापात गुंजभर सूट दिली नव्हती.

"हो बाबा," मी म्हणाले. "चारच." आणि फोन लावला.